विणलेल्या बांबू-शिल्पातून पुन्हा पुन्हा भुकटी पडते? भुंग्याचं मूळ आणि त्यावरचे उपाय

शिल्प टांगून तीन-चार महिने झालेले असतात. एका सकाळी केर काढताना खालच्या फरशीवर पिवळट पांढरी भुकटी दिसते. चिमटीत घेतली तर मैद्यासारखी मऊ लागते. पुसून टाकावी, तर चार दिवसांनी त्याच जागी तेवढीच पुन्हा. मग खुर्चीवर चढून बघितलं की काठाच्या वळणात टाचणीच्या माथ्याएवढी गोल भोकं दिसतात आणि भोकाखालच्या कामटीवर, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीवर, भुकटीची बारीक रेघ.

विणलेल्या बांबूबद्दल मला ज्या अडचणी विचारल्या जातात त्यांत ही सगळ्यात जास्त वेळा येते. विचारणारी व्यक्ती तोवर एक-दोन उपाय करून थकलेली असते. फवारणी करून झालेली असते, व्हार्निश देऊन झालेलं असतं, तरी पावसाळी हवा सुरू झाली की भुकटी आहेच. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

ज्यांच्या घरात आत्ता भुकटी पडते आहे त्यांच्यासाठी आधी मुद्द्याचं. हा किडा बहुतेक वेळा तुमच्या घरातून शिल्पात गेलेला नाही, तो कामटीबरोबर घरात आला आहे. कामटीत पिष्ट, म्हणजे स्टार्च, उरलंय म्हणून तो तिथे आहे. पिष्ट तसंच ठेवून वरून काहीही मारलं तरी तो परत येतो.

हे मला फार उशिरा कळलं. माझं पहिलं मोठं काम पुण्यातल्या एका वाचनालयाच्या जिन्याच्या चौकात टांगलेलं होतं. धान्य साठवायच्या जुन्या कणगीचा आकार धरून केलेलं, पोटात फुगलेलं, वर निमुळतं होत गेलेलं, आठ फूट उंच. माणगा या कोकणातल्या बांबूच्या कामट्यांचं सहा महिन्यांचं काम. पहिल्याच पावसाळ्यात भुकटी सुरू झाली. मी कणगी उतरवली, झाडली, पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात दिले आणि पुन्हा टांगली. दिवाळी स्वच्छ गेली. होळीच्या सुमारास व्हार्निशच्या चकाकीतूनच नवी भोकं पडलेली दिसली. मग कीटकनाशकाची फवारणी करून घेतली. दोन महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. ग्रंथपाल मॅडम काही बोलल्या नाहीत, कणगीखाली रोज एक वर्तमानपत्र अंथरू लागल्या. त्या वर्तमानपत्राकडे बघवत नसे मला.

शेवटी किडलेला एक तुकडा कापून बुरूड आळीत घेऊन गेले. ज्यांच्याकडे मी सूप आणि टोपली विणायला शिकले, त्या काकांनी तो हातात घेतला, नखाने पोटाकडची, म्हणजे आतली बाजू खरवडली आणि विचारलं, "पोरी, हा तोडलेला कधी?"

मला सांगता येईना. वखारीतून आणला होता, हिरवा आणि सरळ दिसला म्हणून.

"मग आता कसलं औषध मारतेस त्याच्यावर? गोड होता तो."

"गोड" हा त्यांच्या धंद्यातला शब्द, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तो बरोबर आहे. डायनोडेरस नावाचा हा भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटरचा, काळपट तपकिरी. त्याच्या अळीला हवं असतं ते बांबूतलं पिष्ट आणि साखर. लाकडाचा भाग तिला फारसा पचत नाही. तो ती चावते आणि मागे टाकत जाते. तीच आपल्या फरशीवर पडणारी भुकटी. उबदार, दमट हवेत दीड-दोन महिन्यांत एक पिढी पूर्ण होते, म्हणून पावसाळ्यात एकाएकी वाढल्यासारखं वाटतं.

बांबूची हिरवी पाठ फार कठीण असते, तिच्यात सिलिका असते, वर मेणासारखा थर असतो. तिथून मादी सहसा आत शिरत नाही. ती शिरते कापलेल्या टोकातून, पोटाकडच्या उघड्या बाजूने, आणि गाठीवर फांद्या छाटलेल्या जखमांतून. आता आपल्या शिल्पाकडे या नजरेने बघा. विणकामात टोकं कुठे असतात? काठात, बुडाशी, आणि जिथे एक कामटी संपून दुसरी सुरू होते त्या जोडात, म्हणजे नेमकी आपण लपवून ठेवलेल्या जागी. व्हार्निशचा ब्रश तिथे पोचत नाही. आणि अळ्या आधीच आत असतील तर बाहेरून दिलेल्या थराला त्या जुमानत नाहीत. आत खातात, वाढतात आणि भुंगेरा होऊन थर फोडून बाहेर पडतात. फवारणीचंही तसंच. पृष्ठभागावर फिरणारे भुंगेरे मरतात, आतल्या अळ्यांपर्यंत थेंबही जात नाही.

आधी खात्री करा, कारण प्रत्येक भुकटी या भुंग्याची नसते. मातीची नळी किंवा मातीचा लेप दिसला तर ती वाळवी, आणि ती भिंतीतून किंवा जमिनीतून आलेली असते. शिल्पावर उपचार करून भागणार नाही, घराचं बघावं लागेल. काळे-हिरवे ठिपके ओल्या फडक्याने पुसले जात असतील तर ती बुरशी. जागा हवेशीर करा, शिल्प भिंतीपासून दोन बोटं पुढे घ्या. भोक बॉलपेनच्या रिफिलपेक्षा मोठं आणि लंबगोल असेल, रात्री शांततेत कुरकुर ऐकू येत असेल, तर तो बांबूचा मोठा, लांब मिशांचा भुंगेरा. तो तयार वस्तूतून वर्षभरानेसुद्धा बाहेर पडतो. पण साधारण एकटादुकटा असतो, ती एक कामटी काढून टाकली की काम होतं.

लहान गोल भोकं आणि मैद्यासारखी भुकटी असेल तर पुढचा प्रश्न असा की किडा आत्ता जिवंत आहे की जुनी भुकटी धक्क्याने पडते आहे. शिल्प मऊ ब्रशने पूर्ण झाडा. दिसतील तेवढ्या भोकांभोवती पेन्सिलने बारीक गोल करा. खाली काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवस कोणी हात लावू नका. कागदावर भुकटीचे टोकदार ढीग उमटले, किंवा गोल न केलेलं नवं भोक दिसलं, की समजायचं काम चालू आहे.

आता ज्या चाचणीने माझं सगळं काम बदललं ती सांगते. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन, किंवा घरात असतं ते बीटाडीन. बांबूचं किंवा कामटीचं टोक कोयत्याने ताजं कापायचं, काप चमकदार हवा. त्यावर एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटं थांबायचं. काप तपकिरी-पिवळा राहिला तर पिष्ट कमी. निळा-काळा झाला तर भरपूर. भिंग असेल तर जरूर बघा. धाग्यांच्या गड्ड्या फिकट ठिपक्यांसारख्या राहतात आणि त्यांच्या मधली मऊ जागा शाई सांडल्यासारखी काळी होते. पाठीकडे ठिपके दाट, त्यामुळे तिथे काळं कमी. पोटाकडे ठिपके विरळ, तिथे सगळं काळं. काकांनी नखाने पोटच का खरवडलं ते मला त्या भिंगातून दिसलं. जुने कारागीर सुपाच्या काठाला पाठीचीच कामटी का घेतात, त्याचंही उत्तर त्यातच असावं असं मला वाटतं. काठाला नुसतं बळ लागतं असं मी तोवर समजत होते.

वाचनालयाच्या कणगीतल्या तुकड्यावर थेंब टाकला तेव्हा तो काळाभोर झाला. वखारीत जाऊन विचारलं. तो माल एप्रिल-मे महिन्यांत तोडलेला होता.

बांबूचं वर्ष समजून घेतलं की याचा अर्थ लागतो. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब निघतात आणि काही आठवड्यांत उंच वाढतात. त्यांच्याजवळ तेव्हा स्वतःची पानं नसतात. ती सगळी वाढ जुन्या बांबूंनी साठवलेल्या पिष्टावर होते. म्हणजे पाऊस संपता संपता जुन्या बांबूची कोठी बरीच रिकामी झालेली असते. थंडीभर ती हळूहळू भरत जाते आणि उन्हाळ्यात, नव्या कोंबांच्या तयारीत, काठोकाठ भरते. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे तोड जोरात असते, कारण रान कोरडं असतं, गाडी आत जाते आणि शेतकऱ्याला वेळ असतो. मी आता दसऱ्यानंतर तोडलेलाच बांबू घेते, फार तर जानेवारीअखेरपर्यंतचा. काका अंधारा पक्ष पाहून तोड करायला सांगतात, मी तेही पाळते. पण महिना चुकला तर पक्ष पाळून काही उपयोग नाही.

वय हवं तीन वर्षांच्या वर. कोवळ्या बांबूवर पांढरी पूड असते, गाठींना खोळीचे अवशेष चिकटलेले असतात, रंग तुकतुकीत हिरवा असतो. जून बांबू मळकट दिसतो, त्यावर दगडफुलासारखे राखाडी डाग असतात, आणि कोयत्याची पाठ मारली तर टणत्कार येतो. दिसायला देखणा म्हणून कोवळा घेतला की दोन तोटे होतात. त्यात ओल आणि साखर दोन्ही जास्त, शिवाय तो सुकताना इतका आकसतो की तीन महिन्यांत वीण सैल पडते. वीण सैल पडली की माझ्याकडे येणारी दुसरी तक्रार सुरू होते, पण तिचं मूळही इथेच आहे.

एक जाता जाता. फुलोरा येऊन गेलेल्या बांबूला भुंगा फारसा लागत नाही, कारण फुलं-बियांमध्ये त्याची कोठी पूर्ण रिकामी झालेली असते. ऐकून मोह होतो. पण तो कोरडा आणि ठिसूळ असतो, कामटी वळवताना तुटते. विणकामाला घेऊ नका.

"तोड कधीची" हे वखारवाल्याला विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही. म्हणून सरळ बेटाच्या मालकाकडे जा. २०१७ साली वन कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू "झाड" या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं-नेणं शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. मी कुडाळकडच्या दोन शेतकऱ्यांना गणपतीतच सांगून ठेवते, दसऱ्यानंतर एवढे माणगे, एवढ्या वयाचे. दोन पैसे जास्त देते. त्या दोन पैशांनी माझे पुढचे सगळे हेलपाटे वाचले आहेत. विदर्भात मानवेल बांबू सहज मिळतो. तो फोडायला कठीण, पण त्यालाही तोडीचा हाच नियम.

आता आधीच किडलेल्या शिल्पाचं काय करायचं ते बघू. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतलं जिवंत मारायचं, मग आत औषध पोचवायचं, आणि वरचा थर सगळ्यात शेवटी.

घरातलं लहान काम असेल, भिंतीवरची जाळी, दिव्याची टोपी, हातभर उंचीची आकृती, तर डीप फ्रीझर सगळ्यात चांगला. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड राहत नाही, उणे १८ अंश हवेत. शिल्प जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा शक्य तितकी काढा, तोंड टेपने बंद करा आणि पूर्ण दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस खोलीत राहू द्या, नाहीतर गार कामटीवर दव धरतं आणि भुंग्याच्या जागी बुरशी येते. आइस्क्रीमवाल्याकडे किंवा मासळीच्या दुकानात विनंती केली तर जागा मिळते. मी दोन्हीकडे ठेवलं आहे, वास लागला नाही.

मोठं काम फ्रीझरमध्ये मावत नाही. त्याला आपल्याकडचं एप्रिलचं ऊन आहे. वाचनालयाची कणगी मी गच्चीवर नेली, खाली जुनी सतरंजी, वरून काळं प्लास्टिक दुहेरी, कडा विटांनी दाबल्या. आत कामट्यांच्या मधे, उन्हाच्या बाजूला नव्हे तर सावलीच्या बाजूला, तापमापक ठेवला. लाकडी खोक्यांतले किडे मारण्यासाठी जगभर ५६ अंश आणि अर्धा तास हा दंडक मानतात, तोही लाकडाच्या गाभ्यात. कामटी एक-दोन मिलिमीटरची, तिचा गाभा तापायला वेळ लागत नाही. पण वीण दाट असेल तर मधली हवा उशिरा तापते, म्हणून मी ५६ च्या वर दोन तास धरते, आणि तीन दिवस सलग करते. तापमापकाशिवाय हे करू नका. पन्नासला अडकलेलं ऊन आपल्याला खूप वाटतं, अळीला पुरत नाही. नैसर्गिक रंग दिलेल्या कामट्यांचा रंग या उन्हात उडतो. त्या शिल्पाला हा उपाय नको. तापवल्यावर वीण कोरडी, कडक होते. संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा मारून रात्रभर राहू दिलं की ती सावरते.

एक गोष्ट कृपा करून करू नका. धान्याच्या कोठीत ठेवतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्या शिल्पासोबत बंद खोलीत ठेवायचा सल्ला मला अनेकांनी सांगितला आहे. त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसं मारतो, शेजारच्या खोलीतलीसुद्धा. धुरी द्यायचीच असेल तर ते परवानाधारक माणसाचं काम आहे. डिझेल-रॉकेल चोपडण्याचा रिवाजही जुना आहे. भुंगा काही काळ दूर राहतो, पण वास महिनोन्महिने जात नाही, आणि वाचनालयासारख्या जागेत पेटण्याचा धोका आपण स्वतः टांगून ठेवतो.

जिवंत किडा मेला की औषध. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर, दोन्ही मिळून पाण्याच्या पाच टक्के. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक. पाणी कोमट नव्हे, चांगलं गरम घ्या, म्हणजे नीट विरघळतं. शिल्पावर आधीचं व्हार्निश असेल तर ते औषध आत जाऊ देणार नाही. निदान पोटाकडच्या बाजूने सॅंडपेपरने घासून काढा. मग हे द्रावण पोटाकडच्या बाजूला, काठाच्या आत, प्रत्येक जोडात ब्रशने तीन-चार वेळा पाजा, मधे सुकू न देता. भोकांत इंजेक्शनच्या सुईने एकेक थेंब. हे फार वेळखाऊ आहे. कणगीच्या काठाला मला पूर्ण दोन दिवस लागले. सुकल्यावर पांढरे कण वर येतात, ते ओलसर फडक्याने पुसून घ्या. नंतर जुनी भोकं कामटीच्या रंगात कालवलेल्या मेणाने बुजवा. देखणेपणासाठी नव्हे. पुढे एक जरी नवं भोक पडलं तरी ते ताबडतोब ओळखू यावं म्हणून.

हातमोजे आणि मास्क वापरा. मुलं आणि मांजर-कुत्री लांब ठेवा. उरलेलं द्रावण झाडांना घालू नका, एवढ्या बोरॉनने झाडं जळतात. आणि हे फक्त शोभेच्या कामासाठी आहे. सूप, रोवळी, परडी, भाकरीची दुरडी, ज्यात अन्न ठेवायचं त्याला हे औषध कधीच नको. त्यांना धुराचा जुना उपाय आहेच. आजीच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर टांगलेल्या टोपल्या काळ्या पडायच्या, पण किडायच्या नाहीत.

काठ खूपच पोखरलेला असेल, बोटाने दाबल्यावर पिचत असेल, तर औषध पाजण्यात वेळ घालवू नका. काठ उकला आणि नवा बांधा. कणगीचा काठ आणि पोटातल्या नऊ कामट्या मी काढल्या. मला भीती होती की आकार बिघडेल. बिघडला नाही, कारण टोपलीची वीण अशीच असते, एक कामटी निघाली तर शेजारच्या आठ तिला जागा राखून ठेवतात. जपानमधले तानाबे चिकुउन्साई चौथे बांबूची जी प्रचंड शिल्पं उभी करतात, ती प्रदर्शन संपल्यावर उकलली जातात आणि त्याच कामट्या पुढच्या शिल्पात जातात. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं त्यांचं काम असंच होतं. कामटी इतक्या वेळा उकलून पुन्हा विणता येते ती मुळात नीट निवडलेली आणि तयार केलेली असते म्हणून. आपण किडलेल्या कामाच्या दुरुस्तीला घाबरू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

नव्या कामाला हे सगळं टाळता येतं, आणि तेवढं कष्टाचंही नाही. तोड दसऱ्यानंतरची. तोडलेला बांबू फांद्या-पानांसकट बेटालाच टेकवून आठ-दहा दिवस उभा ठेवायचा. पानं ओल ओढून घेतात, उरलेल्या साखरेतली काही खर्च होते. मग फोडून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून पंधरा दिवस. व्हाळ नसेल तर टाकीत, पण पाणी दर दोन दिवसांनी बदला, साचलेल्या पाण्याने काळे डाग पडतात. बाहेर काढल्यावर आंबूस घाण वास येतो, तो सुकल्यावर जातो. विणायच्या जाडीच्या कामट्या तासून झाल्या की वर सांगितलेल्या द्रावणात पूर्ण चोवीस तास बुडवायच्या. अख्ख्या बांबूला जे औषध प्यायला आठवडे लागतात ते पातळ कामटी एका दिवसात पिते, कारण तिचं पोट सगळीकडे उघडं असतं. विणकाम करणाऱ्यांची ही मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. सावलीत उभ्या करून सुकवा. मग पुन्हा आयोडीनचा थेंब. विणताना पाण्याचा हात लावावा लागतोच, त्याऐवजी याच द्रावणाचा फवारा घेतला तर धुऊन गेलेलं भरून निघतं. शोभेच्या बांबू-वेताच्या वस्तूंवरच्या अशा उपचारांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १९०२. सरकारी जागेचं काम घेताना निविदेत त्याचा उल्लेख करून घ्या, म्हणजे उपचाराचा खर्च कोणी कापत नाही.

सार्वजनिक जागेचं म्हणून दोन शब्द. बोरिक-टाकणखाराचं औषध पाण्यात धुपतं. पाऊस थेट लागणार असेल, बागेत किंवा चौकात, तर ते पहिल्याच पावसात निघून जाईल. तिथे छत हवं, नाहीतर तांब्याच्या क्षारांचा दाबाखालचा उपचार हवा, आणि तो घरी करण्यातला नाही. कुडाळच्या कॉनबॅकसारख्या संस्थांचा बांबू-बांधकामात मोठा अनुभव आहे, त्यांना विचारावं. बंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं बांबूचं छत बघून आलेले ग्राहक तसंच मागतात. तो कारखान्यात प्रक्रिया करून चिकटवलेला बांबू आहे, आपली कच्ची कामटी नव्हे, हे त्यांना पहिल्या बैठकीतच सांगा. बोरिकने आगही थोडी रोखली जाते, पण अग्निशमनवाल्यांना तेवढं पुरत नाही. वेगळा लेप लागतो, आणि तो औषधानंतरच.

निरगुडीच्या फोकांचं काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त साल ठेवून विणत असाल तर सालीखाली बघायला विसरू नका. वेताला भुंगा लागतो. शिंदी-केतकीच्या पानांना सहसा नाही, त्यांची शत्रू बुरशी.

वाचनालयाच्या कणगीखाली आता वर्तमानपत्र नसतं. जून ते ऑक्टोबर मी महिन्यातून एकदा जाते, काळा कागद अंथरते, पुढच्या खेपेला बघते. गेल्या दोन पावसाळ्यांत मेणाने बुजवलेल्या भोकांशिवाय नवं भोक नाही.

आणि काढलेला किडका काठ, कामट्या, तासलेला भुगा यांचं काय करायचं? त्याच दिवशी जाळा. मी पहिल्यांदा तो गठ्ठा कोपऱ्यात ठेवला होता, चार दिवसांनी टाकू म्हणून, नव्या कामट्यांच्या शेजारीच. त्या नव्या कामट्यांपैकी एकावर पुढच्याच महिन्यात टाचणीच्या माथ्याएवढं भोक मिळालं.